घरी जोडलेला रिमोट रिसीव्हर दाद देत नाही? तपासणीचा क्रम असा ठेवा

टेबलावर जोडला तेव्हा नीट चालला, टीव्हीच्या कपाटात नेऊन ठेवला आणि रिमोटला दाद देईनासा झाला. घरी इन्फ्रारेड रिसीव्हर (रिमोटचा डोळ्याला न दिसणारा प्रकाश पकडणारं छोटं सर्किट) जोडणाऱ्यांची ही तक्रार मी सारखी ऐकतो. नाशिकमध्ये ओळखीच्या घरांतले असे बरेच रिसीव्हर हाताखालून गेले. कुणाच्या जुन्या ॲम्प्लिफायरला लावलेले, कुणाच्या टीव्हीमागच्या छोट्या कॉम्प्युटरला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. प्रोग्राम बहुधा बरोबर असतो आणि चिपही जिवंत असते. बिघाड असतो चिपला मिळणाऱ्या विजेत, नाहीतर तिच्यावर पडणाऱ्या नको त्या प्रकाशात. तरी लोक सगळ्यात आधी लॅपटॉप उघडतात आणि चालू असलेला कोड बदलत बसतात. मग मूळ दोष राहतो बाजूला आणि त्यात नव्या दोषाची भर पडते.

मी ज्या जोडणीबद्दल लिहितोय ती साधी आहे. तीन पायांची रिसीव्हर चिप (टीएसओपी १७३८, टीएसओपी ३८२३८ किंवा स्वस्तातली व्हीएस १८३८बी), तिच्याजवळ १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. पुढे आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) असेल, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) असेल किंवा जुन्या डेस्कटॉपचा सिरियल पोर्ट. मागचं सामान बदललं तरी पुढचं हे तोंड सगळीकडे तेच.

आतलं काम थोडं समजून घ्या, पुढच्या प्रत्येक तपासणीला ते लागेल. रिमोटचा एलईडी नुसता लागत-विझत नाही. बटण दाबल्यावर तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि या लुकलुकीचे छोटे-मोठे तुकडे पाडून संदेश पाठवतो. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या एनईसी पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा सलग तुकडा येतो, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, आणि नंतर ३२ बिट. रिसीव्हर चिप ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचीच लुकलुक निवडते आणि बाकीची टाकून देते. तिचा आउटपुट एरवी वर असतो, म्हणजे जवळजवळ पुरवठ्याच्या व्होल्टेजइतका. लुकलुक आली की तो शून्याकडे खाली येतो. आणखी एक गोष्ट तिच्या आत असते, आपोआप कमी-जास्त होणारी संवेदनशीलता. सतत गोंगाट येत राहिला की चिप स्वतःच कान बंद करत जाते. वरातीत डीजेच्या भिंतीशेजारी उभ्या असलेल्या माणसाला मागून मारलेली हाक ऐकू येत नाही, तसं तिचं होतं. चिप चांगली, रिमोट चांगला, तरी काम नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आधी लक्षण नीट पाहा

दुरुस्तीला हात घालण्याआधी कागदावर लिहून काढा: केव्हा चालतं, केव्हा चालत नाही, किती लांबून चालतं. नुसत्या या टिपणावरून दोष कोणत्या बाजूला आहे ते कळतं.

- काहीच प्रतिसाद नाही, केव्हाही नाही: रिमोट, चिपचे पाय किंवा वीज.
- सकाळी चालतं, दुपारी ऊन आत आलं किंवा संध्याकाळी दिवे लागले की बंद: प्रकाश, आणि दिव्यांच्या बाबतीत कधीकधी विजेतला गोंगाट.
- टेबलावर चालतं, कपाटात नाही. किंवा टीव्ही, ॲम्प्लिफायर चालू केला की बंद: पुरवठा, लांब वायर, जवळचा गोंगाट.
- फक्त दोन-तीन फुटांवरून चालतं: रिमोटचे सेल, न जुळणारी फ्रिक्वेन्सी, किंवा चिपसमोरची काच.
- रिमोट कुणी हातात घेतलेलाही नसताना आवाज आपोआप वाढतो, गाणं बदलतं: आउटपुटवर गोंगाट.
- बटण एकाआड एक वेळाच चालतं, किंवा एकदा दाबलं की दोनदा मोजलं जातं: इथे मात्र प्रोग्राम.
- चिप बोटाला गरम लागते: वीज लगेच काढा. पाय उलटे लागलेत. थेट पायांच्या तपासणीकडे जा.

रिमोट

नवे सेल घाला. सोपं वाटतं म्हणून लोक हेच टाळतात. भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले सेल चालणार नाहीत. घड्याळाला अगदी थोडी वीज पुरते, रिमोटच्या एलईडीला क्षणभर का होईना पण चांगला जोर लागतो. दमलेला सेल नुसता मोजला तर व्होल्टेज ठीक दाखवतो आणि बटण दाबताक्षणी खाली बसतो.

मग मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर फिकट जांभळी किंवा पांढरी लुकलुक दिसली तर रिमोट प्रकाश टाकतोय. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे तिथे काही दिसलं नाही तर सेल्फीचा कॅमेरा वापरून पाहा. त्यातही दिसलं नाही तर घरातला टीव्हीचा चालू रिमोट त्याच कॅमेऱ्यासमोर धरा. तो दिसतो आणि हा दिसत नाही, म्हणजे हाच रिमोट बिघडलाय.

काहीच बटणं मेली असतील तर रिमोट उघडून रबराच्या मागचे काळे ठिपके आणि बोर्डावरच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकट थर बसलेला असतो.

आजकाल एक गोष्ट जास्त दिसते. स्मार्ट टीव्हीसोबत किंवा टीव्हीला लावायच्या स्टिकसोबत आलेला माइकवाला रिमोट ब्लूटूथवर चालतो. त्यातली चालू-बंदची आणि आवाजाची बटणं कधीकधी इन्फ्रारेड असतात, बाकीची नसतात. अशा रिमोटने घरचा रिसीव्हर शिकवायला, म्हणजे बटणांचे कोड साठवायला, बसलात तर दोन बटणं ओळखली जातील आणि उरलेली कधीच नाहीत. प्रयोगासाठी साधा, जुना, फक्त इन्फ्रारेडवर चालणारा रिमोट घ्या. छोट्या स्पीकरसोबत येणारा पातळ, कार्डासारखा रिमोट बहुधा एनईसी पद्धतीचा असतो आणि सुरुवातीला तोच सोयीचा.

प्रकाश

याला पैसा लागत नाही आणि दोष सापडण्याची शक्यता मोठी, म्हणून दुसरा नंबर याचा. रात्री खोलीतले सगळे दिवे आणि टीव्ही बंद करा, रिसीव्हरला वीज तेवढी राहू द्या आणि रिमोट दाबून पाहा. अंधारात चालला तर चिप, वायरिंग, प्रोग्राम तिन्ही ठीक आहेत. हे कळलं की निम्मी तपासणी वाचते. आता एकेक दिवा लावत जा आणि कोणत्या दिव्याला काम बंद पडतं ते बघा.

गंगापूर रोडच्या बाजूला पश्चिमेकडे गॅलरी असलेले पुष्कळ फ्लॅट आहेत. तिथे टीव्हीचं कपाट गॅलरीच्या समोरच्या भिंतीला असतं आणि दुपारी चारनंतर ऊन थेट कपाटावर येतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर. ते लुकलुकणारं नसतं, त्यामुळे चिप त्याला संदेश समजत नाही, पण त्या झगझगाटात रिमोटची कमजोर लुकलुक बुडून जाते आणि पल्ला फुटाफुटाने कमी होतो. उपाय सरळ आहे, चिपची जागा बदला किंवा तिला छज्जा करा. काळ्या श्रिंक ट्यूबचा (तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचा) बोटभर तुकडा चिपवर असा चढवा की फक्त समोरून दिसेल. पंचवटीतल्या जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत ही उन्हाची तक्रार मला आढळलेली नाही. तिथे तक्रार येते ती ट्यूबलाइटची.

ट्यूबलाइटमध्येही फरक आहे. जुन्या तांब्याच्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, ती चिपला फारशी त्रास देत नाही. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब आणि सीएफएल तीस-चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे चिप ज्या टापूत कान लावून बसलेली असते त्याच टापूत. पांढऱ्या एलईडी दिव्यांतून इन्फ्रारेड जवळजवळ येतच नाही. म्हणून एलईडी बल्ब लावल्यावर रिसीव्हर बिघडत असेल तर प्रकाशाला दोष देऊ नका. त्या बल्बच्या आतलं सर्किट वायरिंगमधून गोंगाट पाठवतंय. दिवाळीच्या माळांचंही तेच. कपाटाला माळ गुंडाळली की रिसीव्हर रुसतो, आणि माळेचा प्लग दुसऱ्या बोर्डात लावला की ठीक होतो.

जुने एलसीडी टीव्ही, ज्यांच्या पडद्यामागे एलईडीऐवजी बारीक ट्यूब असतात, ते गार असताना पहिली काही मिनिटं बऱ्यापैकी इन्फ्रारेड फेकतात. टीव्ही चालू केल्यावर थोडा वेळ रिमोट चालत नाही आणि मग आपोआप चालू लागतो, असं लक्षण असेल तर कारण हे आहे. चिप पडद्याच्या कडेपासून दूर, मागे वळवून बसवा.

चिपसमोर सजावटीची काच लावली असेल तर ती काढून पाहा. काळी दिसणारी प्रत्येक काच इन्फ्रारेड सोडत नाही. घरात जुन्या कॅमेऱ्याच्या रंगीत रोलची निगेटिव्ह असेल तर तिच्या टोकाचा पूर्ण काळा तुकडा चांगला पडदा होतो. तो डोळ्याला काळा दिसतो, पण इन्फ्रारेड आरपार जातं. कृष्णधवल रोलचा तुकडा मात्र चालत नाही, त्यात चांदीचा थर असतो.

वीज

आता ॲडॉप्टर. त्यासाठी मल्टिमीटरच्याही आधी पॉवर बँक हातात घ्या. रिसीव्हर आणि त्यामागचा आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय पॉवर बँकेवर चालवा आणि बाकी सगळं आहे तसंच ठेवा. दोष गेला तर तुमचा मोबाइल चार्जर दोषी. स्वस्त चार्जरचे ५ व्होल्ट मल्टिमीटरवर ५ च दिसतात, पण त्यावर हजारो हर्ट्झची बारीक थरथर बसलेली असते. रिसीव्हर चिप मायक्रोॲम्पियरहूनही कमी प्रकाशी प्रवाह मोठा करून पाहते. पुरवठ्यातली थरथर तिला संदेशासारखी वाटते. आर्डुइनोसारखं फार कमी वीज घेणारं सामान असेल तर काही पॉवर बँक थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. चाचणी तेवढ्यात उरका.

मग चिपजवळचे ते दोन सुटे भाग. अनेकांच्या बोर्डावर ते नसतातच, कारण टेबलावर त्यांच्यावाचून चाललेलं असतं. १०० ओहमचा रेझिस्टर पुरवठा आणि चिप यांच्या मध्ये, आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या पुरवठ्याच्या पायापासून ग्राउंडला. दोन्ही चिपच्या पायांशी अगदी लागून हवेत. आर्डुइनोच्या बाजूला कपॅसिटर लावला आणि तिथून मीटरभर वायर चिपपर्यंत नेली, तर त्या वायरने वाटेत उचललेल्या गोंगाटाला अडवायला कुणीच नाही. दोन्ही मिळून पाच-दहा रुपयांचं सामान आहे. कपॅसिटरची उभी पट्टी असलेली बाजू ग्राउंडकडे.

या रेझिस्टरचा आणखी एक उपयोग फार थोडे लोक करतात. त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. चिप जेमतेम ०.३ ते दीड मिलिॲम्पियर घेते, म्हणजे रेझिस्टरवर ०.०३ ते ०.१५ व्होल्ट दिसायला हवेत. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर चिप उलटी लागली आहे किंवा आतून गेली आहे. शून्य दिसलं तर चिपपर्यंत वीज पोचतच नाही, सोल्डरिंग बघा.

पाय

सगळ्यात जास्त चिपा इथे मरतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या चिपांचे पाय सारखे नसतात. गोल भिंग तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर टीएसओपी १७३८ मध्ये डावीकडून ग्राउंड, पुरवठा, आउटपुट. टीएसओपी ३८२३८ आणि व्हीएस १८३८बी मध्ये डावीकडून आउटपुट, ग्राउंड, पुरवठा. जुनी आकृती १७३८ ची असते, शालिमार किंवा एम. जी. रोडच्या बाजूला सुटे भाग घ्यायला गेलं की हातात १८३८ पडते, आणि दुकानदार चांगल्या मनाने सांगतो की तीच आहे. ती त्या बोर्डात बसवली की ५ व्होल्ट तिच्या ग्राउंडच्या पायात जातात. ती गरम होते आणि मरते, किंवा अर्धवट जगते. हे दुसरं जास्त वाईट, कारण मग ती जवळून चालते आणि लांबून नाही, आणि तुम्ही प्रकाश, सेल, सगळं तपासत बसता. चिप घेताना नंबर वाचा आणि त्याच नंबरची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडून पाय जुळवा. एकदा उलटी लागलेली चिप परत वापरू नका. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी इथे थांबून हे वाचावं. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. टीएसओपी १७३८ ला ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात, तिला ३.३ दिले तर लहरीप्रमाणे चालते, आणि ५ दिले तर तिचा आउटपुट रास्पबेरी पायच्या पिनेत ५ व्होल्ट ढकलतो. ती पिन लगेच मरेलच असं नाही, पण हा धोका कशाला घ्यायचा? टीएसओपी ३८२३८ ही २.५ ते ५.५ व्होल्टवर चालते. तीच घ्या आणि ३.३ व्होल्टवरच लावा.

पावसाळ्याचा एक मुद्दा. जुलै ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की सोल्डरिंगचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) पुसला नसेल तर तो ओल धरतो आणि दोन पायांमध्ये बारीक गळती सुरू होते. चिपच्या आउटपुटला आतून जो वर धरून ठेवणारा रेझिस्टर असतो तो बहुधा तीस किलोओहमच्या घरातला किंवा त्याहून मोठा, म्हणजे कमजोर. थोडीशी गळतीही त्याला खाली ओढते. जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिलने पाय घासून काढा. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या बोर्डावर) कायमचं ठेवलं असेल तर पुढे शोधत बसण्याआधी सोल्डर करून टाका. ब्रेडबोर्डच्या भोकांतल्या पट्ट्या ढिल्या होतात आणि टीव्हीचं कपाट सरकवलं की कनेक्शन सुटतं.

एका एलईडीची कसोटी

मल्टिमीटरचा काटा किंवा आकडा इथे फार कामाचा नाही. एनईसी रिमोटचं बटण दाबून धरलं तर पूर्ण संदेश एकदाच जातो, पुढे साधारण दर ११० मिलिसेकंदांनी नुसती एक छोटी आठवण जाते, बटण अजून दाबलेलंच आहे एवढं सांगणारी. त्यामुळे सरासरी व्होल्टेज जेमतेम हलतं आणि लोक चिप मेली असं समजून फेकून देतात.

त्याऐवजी एक लाल एलईडी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घ्या. पुरवठ्याच्या वायरपासून (१०० ओहमच्या अलीकडून) रेझिस्टर, मग एलईडी, आणि एलईडीचा आखूड पाय चिपच्या आउटपुटला. आउटपुट खाली आला की एलईडी लागतो. बटण दाबल्यावर लुकलुकला आणि एरवी विझलेला राहिला, तर पुढचं सगळं तोंड निरोगी आहे आणि दोष त्यापुढे आहे.

बटण न दाबताच लुकलुकत असेल तर हा एलईडी पुढची वाटही दाखवतो. जाड पुठ्ठा दुहेरी करून चिपचं तोंड पूर्ण झाका. बोट ठेवू नका, बोटातून इन्फ्रारेड थोडं जातं. पातळ काळी पिशवीही भरवशाची नाही. झाकल्यावर लुकलुक थांबली तर गोंगाट प्रकाशातून येतोय, मागे प्रकाशाच्या भागाकडे जा. झाकूनही चालूच राहिली तर तो विजेतून किंवा वायरीतून येतोय, कपॅसिटर आणि ॲडॉप्टर पुन्हा बघा. मला या एकाच चाचणीने जितकं कळलंय तितकं महागड्या उपकरणानेही कळलेलं नाही. एलईडी खोक्यावर कायमचा ठेवलात तरी चालेल. उलट घरातल्या माणसांना रिमोटचा संदेश पोचला की नाही ते दिसतं, म्हणून मी तो ठेवतोच.

वायर लांब न्यायची असेल तर इंटरनेटच्या जुन्या केबलचा तुकडा उत्तम. त्यातल्या पिळलेल्या जोड्यांपैकी एका जोडीत आउटपुट आणि ग्राउंड, दुसरीत पुरवठा आणि ग्राउंड. एक्स्टेन्शन बोर्डच्या वायरीबरोबर एका बंडलात बांधू नका.

फ्रिक्वेन्सी

अंधारात, नव्या सेलवर, एलईडी लुकलुकतो पण फक्त जवळून, असं असेल तर रिमोट ३८ किलोहर्ट्झचा नसावा. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते, सोनीची ४० वर. ३८ ची चिप हे दोन्ही ऐकते, पल्ला थोडा कमी होतो इतकंच. काही रिमोट ५६ वर असतात, त्यांना ३८ ची चिप जवळजवळ बहिरी. त्यासाठी ५६ ची चिप शोधण्यापेक्षा रिमोट बदलणं स्वस्त पडतं.

आता प्रोग्राम

इथपर्यंत सगळं नीट असेल तरच लॅपटॉप उघडा.

एकाआड एक चालणारं बटण आधी घेतो, कारण त्याने फार लोक वैतागतात. आरसी-५ मध्ये एक बिट असा असतो की बटण सोडून पुन्हा दाबलं की तो उलटतो. बटण धरून ठेवलंय की दोनदा दाबलंय, हे टीव्हीला कळावं म्हणून ती सोय आहे. शिकवताना तुम्ही एकच कोड साठवलात, तर पुढच्या वेळी येणारा कोड त्या एका बिटाने वेगळा असतो आणि प्रोग्राम त्याला ओळखत नाही. तो बिट वगळून तुलना करा. आणि एनईसी रिमोटवर एका दाबण्याला दोनदा मोजलं जात असेल, तर वर सांगितलेली ती छोटी आठवण प्रोग्राम नवं बटण समजतोय. आवाजाच्या बटणांना ती चालू द्या, चालू-बंदच्या बटणाला मोजू नका.

आर्डुइनोची आयआररिमोट लायब्ररी (रिमोटचे संदेश वाचणारा तयार कोड) तिसऱ्या आवृत्तीपासून बदलली. बिट वाचण्याचा क्रम उलटला, त्यामुळे जुन्या लेखातले कोड नव्या लायब्ररीत जुळत नाहीत. चिप बदलू नका, कोड पुन्हा वाचून घ्या. उनो किंवा नॅनोवर ही लायब्ररी बोर्डावरचा टायमर २ वापरते, म्हणून ३ आणि ११ या पिनांवर दिव्याचा उजेड कमी-जास्त करणं किंवा कोणत्याही पिनवर टोन वाजवणं तिच्यासोबत जमत नाही. आणि टीव्हीमागे रंग बदलणारी एलईडी पट्टी त्याच आर्डुइनोवरून चालवत असाल तर पट्टीला डेटा पाठवताना इंटरप्ट (हातातलं काम थांबवून दुसरीकडे लक्ष देण्याची सोय) बंद होतात आणि रिमोटचा संदेश मधूनच तुटतो. पट्टीला वेगळा आर्डुइनो द्या. दोन्ही एकावर बसवण्याची खटपट फुकट जाते.

रास्पबेरी पायवर जीपीआयओ १८ ही पिन जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शिकेत दिलेली असते. पण पायवर आवाजासाठी डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग आवाज करणारा) बसवला असेल तर तीच पिन त्याच्या क्लॉकला लागते. गाणं चालू असताना रिमोट वेडावाकडा वागत असेल तर रिसीव्हर दुसऱ्या पिनवर न्या आणि सेटिंगमध्ये तो नंबर बदला. जुन्या लेखातला एलआयआरसी-आरपीआय ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नल ४.१९ पासून गेला, आता जीपीआयओ-आयआर वापरायचा.

जुन्या डेस्कटॉपवर सिरियल पोर्टचा रिसीव्हर असेल, आणि नव्या मशीनवर यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर लावून तो चालेल अशी आशा असेल, तर ती सोडा. त्या रिसीव्हरला प्रत्येक तुकड्याची वेळ मोजण्यासाठी खरा पोर्ट लागतो. यूएसबी मध्ये आली की ती वेळ हाती लागत नाही. नॅनो लावा.

इथे थांबा

वरचं सगळं काम ५ व्होल्टच्या आतलं आहे. त्यापुढे काही ठिकाणी हात मागे घ्यायचा, मग कितीही आत्मविश्वास असो.

रिसीव्हरची वीज टीव्ही किंवा ॲम्प्लिफायरच्या आतून घ्यायचा बेत असेल तर तो सोडून द्या. स्विचिंग पुरवठ्याच्या पहिल्या बाजूला सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत तर ट्यूबवरचे हजारो व्होल्ट बराच काळ राहतात. अशा टीव्हीचं झाकण मी स्वतः घरी उघडत नाही, टीव्ही मेकॅनिककडे पाठवतो.

रिसीव्हरच्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) २३० व्होल्टचा पंखा, दिवा किंवा ॲम्प्लिफायर चालू-बंद करत असाल आणि रिले चिकटला, त्यातून ठिणगी दिसली, जळका वास आला किंवा एमसीबी पडला, तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुन्हा एकदा चालू करून बघू, असं करू नका.

ट्रान्सफॉर्मरशिवाय, एका पिवळ्या किंवा तपकिरी चौकोनी कपॅसिटरवर चालणारा छोटा पुरवठा बोर्डात दिसला, तर त्याला लॅपटॉप जोडू नका आणि मल्टिमीटरची पिनही लावू नका. त्याची ५ व्होल्टची बाजू थेट मेनला जोडलेली असते, पाच व्होल्ट म्हणून हात लावाल आणि शॉक बसेल.

ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला किंवा सेट टॉप बॉक्सच्या केबलच्या तोंडाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर रिसीव्हरचं काम बाजूला ठेवा. आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या, आणि तेही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून. अर्थिंग ढिलं असेल तर दोन उपकरणं जोडताना चिपच काय, आर्डुइनो आणि लॅपटॉपचा पोर्टही जाऊ शकतो.

मेकॅनिककडे जाताना रिसीव्हर, रिमोट, ॲडॉप्टर तिन्ही बरोबर न्या आणि सुरुवातीला लिहिलेला तो कागदही द्या. कोणत्या दिव्याला बंद पडतं, पॉवर बँकेवर चालतं का, पुठ्ठ्याने झाकल्यावर एलईडी थांबतो का, एवढ्या तीन उत्तरांवर त्याचा निम्मा वेळ वाचतो.